नोट खरी, पण चालेल का?

नोटेवर गव्हर्नरांची सही असते, रक्कम अदा करण्याचं वचन असतं, भाषांच्या पट्टीत मराठीतही किंमत छापलेली असते. तरी वाणी ती उलटीपालटी करून विचारतो, ‘स्कॅन नाही का करत?’ दहाच्या नाण्याची तर बातच सोडा. रिझर्व्ह बँकेनं 2018 मध्ये चौदाही प्रकारची नाणी वैध असल्याचं सांगितलं. पण आमच्या आळीत शेवटचा शब्द वाण्याचा. रेंज गेली की मात्र गल्ल्याजवळचा बोलका डबा मुका होतो आणि हेच शेठ लाडात येतात, ‘रोख आहे का हो?’ सुट्टे तेव्हाही नसतातच. सोसायटीनं तर देखभालखर्च फक्त ॲपवर घ्यायचा ठराव केलाय. चौथ्या मजल्यावरच्या आजींकडे बटणांचा फोन. कमिटी म्हणाली, नातवाकडून करून घ्या. नातू मेलबर्नला.