अध्यापन सुधारलं, पुरावा सोबत जोडला आहे

आमच्या महाविद्यालयात शिकवण्याचा दर्जा गेल्या काही वर्षांत इतका सुधारला आहे की प्रत्यक्ष शिकवायला वेळच उरत नाही. ही तक्रार नव्हे, प्रगती आहे. पूर्वी सर वर्गात यायचे, तास घ्यायचे, खडूचे हात झटकून निघून जायचे. तास झाला याला पुरावा काय? चार मुलांच्या डोक्यात काही शिरलं असेलही, पण डोकं पीडीएफ करून अपलोड करता येत नाही. आता तसा ढिसाळ कारभार राहिलेला नाही. एक वेळ तास राहिला तर चालतो, कागद राहता कामा नये.

याचं श्रेय अर्थातच नॅकचं. 1994 साली स्थापन झालेली ही बंगळुरूची संस्था महाविद्यालयांना श्रेणी देते. सात निकष, एकूण 1000 गुण, आणि संलग्न महाविद्यालयासाठी त्यातले 350 एकट्या ‘अध्यापन, अध्ययन आणि मूल्यमापन’ या दुसऱ्या निकषाला. साडेतीनशे हा आकडा ऐकल्यावर प्राचार्यांनी शिकवण्याकडे गांभीर्यानं बघायचं ठरवलं. म्हणजे निकष दोनची समिती नेमली. समितीत अर्थातच कॉलेजातले सगळ्यात चांगलं शिकवणारे प्राध्यापक घेतले, आणि कामाला वेळ मिळावा म्हणून त्यांचे तास काढून घेतले.

या निकषात विद्यार्थिकेंद्री पद्धतींना फार मान. अनुभवातून शिकणं, सहभागातून शिकणं, समस्या सोडवत शिकणं. आमच्याकडे तिन्ही होतात, गुरुवारी, साडेअकराला, कारण त्या वेळी खोली क्रमांक 12 मध्ये उजेड चांगला असतो. मागच्या गुरुवारी गटचर्चा झाली. शिपायानं बाकं सरकवून गोल केला. मुलींना पुढे बसवलं, टोपी घातलेल्या एकाला टोपी काढायला लावली. सर मोबाईल आडवा धरून म्हणाले, “चला, चर्चा करा. हातवारे करा जरा.” एका भाबड्या मुलानं विचारलं, “कशावर करायची सर?” सर म्हणाले, “आधी फोटो होऊ दे.” फोटो झाला. त्यावर तारीख, वेळ, अक्षांश, रेखांश, सगळं आपोआप उमटलं, कारण नुसता फोटो चालत नाही, जिओ-टॅग लागतो. चर्चा पृथ्वीच्या पाठीवर नेमकी कुठे झाली हे आता सेकंदाच्या अंशापर्यंत सांगता येतं. कशावर झाली, तेवढं विचारू नका. मग बाकं पुन्हा रांगेत लागली आणि सरांनी मागच्या तासाला राहिलेला मुद्दा पुढे लिहून द्यायला घेतला. स्वल्पविरामासकट.

पण फोटो ही किरकोळ गोष्ट झाली. खरं शास्त्र आहे ते सीओ-पीओचं. प्रत्येक विषयाची अपेक्षित फलितं, म्हणजे सीओ. सगळ्या पदवीची फलितं, म्हणजे पीओ. आणि दोन्हींची सांगड घालणारा तक्ता, ज्यात प्रत्येक चौकोनात 1, 2 किंवा 3 भरायचं. मूळ हे अभियांत्रिकीचं लोण. भारत 2014 साली अभियांत्रिकी पदव्यांच्या परस्पर मान्यतेच्या वॉशिंग्टन कराराचा कायम सदस्य झाला आणि अभियांत्रिकी महाविद्यालयांना मानांकनासाठी हे तक्ते भरावे लागतात. आता ते कला शाखेपर्यंत पोचलं आहे. आमच्या मराठी विभागाला घाई होती, म्हणून त्यांनी शेजारच्या अभियांत्रिकीची बारा पीओंची यादी जशीच्या तशी उतरवून घेतली. मग पंचाईत सुरू झाली. तुकोबांचा झाडावेलींचा अभंग पीओ-7, ‘पर्यावरण आणि शाश्वतता’, यात चपखल बसला. त्याला 3 मिळाले. उरलेला तुकाराम कशातच बसेना. ज्ञानेश्वरांनी भिंत चालवली ते पीओ-5, ‘आधुनिक साधनांचा वापर’, यात धरावं का, यावर दोन बैठका झाल्या. एकमत होईना, शेवटी 1 देऊन विषय मिटवला.

वर्षअखेरीला या तक्त्यावरून ‘अटेनमेंट’ काढतात. इतक्या टक्के मुलांना इतके गुण मिळाले तर फलित साध्य. किती टक्के आणि किती गुण हे महाविद्यालयानं ठरवायचं, अंतर्गत गुणही महाविद्यालयानंच द्यायचे. म्हणजे विटी आपली, दांडू आपला आणि राज्यही आपल्यावर येत नाही. तरी आम्ही 3 पैकी 3 कधी दाखवत नाही. तीन दिसले की समितीला संशय येतो. 2.68 बरं दिसतं. त्यात राबल्यासारखं वाटतं, आणि उरलेल्या 0.32 साठी सुधारणेचा आराखडाही लिहिता येतो. तो आमच्याकडे तयार आहे, दर वर्षी तारीख तेवढी बदलतो.

मध्यंतरी ‘परिणामकारक अध्यापन’ या विषयावर एक दिवसाची कार्यशाळा झाली. फीडबॅक फॉर्म सकाळी नोंदणीच्या टेबलावरच भरून घेतले, कारण संध्याकाळी लोक एसटी पकडायला पळतात. सगळ्यांनी ‘अतिउत्तम’वर खूण केली. जेवणात श्रीखंड होतं.

तिथल्या वक्त्यांनी काही परदेशी दाखले दिले, ते मात्र मला पटले, म्हणून सांगतो. हार्वर्डमध्ये एरिक मझूर नावाचे भौतिकशास्त्राचे प्राध्यापक आहेत. मुलं त्यांच्यावर खूश, गणितं फाडफाड सोडवायची. 1990 च्या सुमारास त्यांनी साध्या संकल्पनांची एक चाचणी दिली, तेव्हा वर्गातून कुणीतरी त्यांनाच विचारलं, की उत्तरं तुम्ही शिकवलंत त्याप्रमाणे लिहू, की एरवी माझ्या मनात येतं त्याप्रमाणे? मझूर हादरले. त्यांनी व्याख्यान मध्येच थांबवून प्रश्न टाकायला सुरुवात केली. प्रत्येकानं आधी आपलं उत्तर ठरवायचं, मग शेजाऱ्याला पटवून द्यायचं. त्याहून जुनी मेरी बड रो या बाईंची गोष्ट. त्यांनी शाळांमधले वर्ग ऐकून दाखवून दिलं, की प्रश्न विचारल्यावर शिक्षक जेमतेम एक सेकंद थांबतात. तेच तीन सेकंद थांबले तर उत्तरं लांबतात आणि एरवी गप्प बसणारी मुलंही तोंड उघडतात. विज्ञान, गणित आणि अभियांत्रिकीच्या वर्गांवरचे 225 अभ्यास 2014 साली एकत्र तपासले गेले. नुसतं व्याख्यान चालतं त्या वर्गात नापास होण्याचं प्रमाण दीडपट निघालं.

मी हे सगळं उत्साहानं निकष दोनच्या समितीपुढे ठेवलं. समितीनं शांतपणे ऐकून घेतलं. मग समन्वयक म्हणाले, “सर, कल्पना चांगली आहे. पण तीन सेकंद थांबल्याचा फोटो कसा काढायचा?”

आमच्याकडे एक मॅडम असं शिकवतात, नाही असं नाही. त्या तासिका तत्त्वावर आहेत. नेट झालेल्या, पीएच.डी. झालेल्या, सकाळी आमच्याकडे आणि दुपारी वीस किलोमीटरवरच्या दुसऱ्या महाविद्यालयात स्कूटरवरून. त्यांच्या वर्गात मुलं एकमेकांशी भांडतात, चुकीची उत्तरं मोठ्यानं देतात, तास संपला तरी दारात उभी राहून बोलत असतात. त्याबद्दल त्यांना दोनदा समज देण्यात आली, कारण शेजारच्या वर्गात लिहून देणाऱ्या सरांना त्रास होतो. चाचणीचे पेपर त्या शेरे लिहून परत करतात. हेही नियमात बसत नाही, पेपर फाईलला लावायचे असतात. मॅडमना सुट्टीच्या महिन्यांत मानधन नसतं, आणि उरलेल्या महिन्यांत असलेलं वेळेवर येत नाही. त्यांच्या विभागात मंजूर जागा तीन, भरलेली एक. त्या एका जागेवरचे गृहस्थ निकष दोनच्या समितीत आहेत.

मुलांचंही कौतुक केलं पाहिजे. त्यांनी या सगळ्याशी फार समजूतदारपणे जुळवून घेतलं आहे. 75 टक्के हजेरीचा नियम आहे, तो हमीपत्रावर भागतो. शिकण्यासाठी गेटसमोरचा झेरॉक्सवाला आहे. कुठल्या युनिटवर किती गुण, कुठला प्रश्न एक आड एक वर्षी येतो, हे त्याला विद्यापीठाच्या अभ्यास मंडळापेक्षा बरं कळतं. परीक्षेच्या आदल्या रात्री त्याच्या दुकानात जेवढी चर्चा रंगते तेवढी खोली क्रमांक 12 मध्ये कधीच रंगत नाही, आणि तीही बाकं न हलवता. अलीकडे एआयमुळे त्याचा धंदा जरा बसला आहे. गृहपाठ मोबाईल लिहितो, सर त्याचे गुण मोबाईलवर भरतात, आणि मधल्या मध्ये कुणाच्याच डोक्याला ताप होत नाही.

हे फार दिवस चालणार नाही, अशी धास्ती मात्र आहे. श्रेणीच बंद करून फक्त ‘मानांकित’ आणि ‘अमानांकित’ असे दोनच शिक्के ठेवायचे, असं 2024 च्या जानेवारीत जाहीर झालं. 2025 च्या फेब्रुवारीत तर सीबीआयनं नॅकच्या एका पाहणी समितीच्या सदस्यांना लाचेच्या आरोपावरून अटक केली. आमच्या प्राचार्यांना ही बातमी वाचून मनापासून दुःख झालं. ते म्हणाले, आपण इतके कागद केले ते उगाचच की काय?

पुढच्या महिन्यापासून प्रवेशांची धावपळ सुरू होईल. पालकांनो, माहितीपत्रकावरची श्रेणी, लेझीम पथकाचा फोटो आणि स्मार्ट क्लासरूमचा पडदा बघून झाला, की ऑफिसच्या खिडकीवर दोनच गोष्टी विचारा: या विभागात मंजूर जागांपैकी भरलेल्या किती, आणि चाचणीचे तपासलेले पेपर मुलांच्या हातात परत मिळतात का. दोन्हींची उत्तरं मिळाल्याशिवाय फी भरू नका.