चुकीचे कारण : आजोबा

जपानी शाळांना मुलांना नुसती सुट्टी देववत नाही. जुलैच्या अखेरीपासून ऑगस्ट संपेपर्यंत मुलं घरी असतात हे खरं, पण निघताना त्यांच्या दप्तरात 'जियू केंक्यू' नावाचं प्रकरण घालून पाठवतात. अर्थ मुक्त संशोधन. मुक्त एवढ्यापुरतंच, की विषय मुलानं निवडायचा. निरीक्षण, तक्ते, आलेख आणि निष्कर्ष यांतून सुटका नाही. मुलाची नाही आणि त्याच्या घरी पाहुणे म्हणून आलेल्यांचीही नाही.

आम्ही दोघं तीन महिन्यांसाठी मुलाकडे टोकियोत गेलो होतो. निशिकासाईला. तिथे भारतीय इतके, की लिफ्टमध्ये शेजाऱ्याबद्दल मराठीत बोलायचीही सोय नाही. पाचवीतल्या नातवाने संशोधनाला विषय घेतला, त्याच्या खेळण्यातल्या पिस्तुलाची अचूकता. सूनबाईंच्या कपाळावर आठी आली. मग तहाची बोलणी होऊन वहीवर नाव पडलं, 'फिरणारा चेंडू सरळ का जातो?' सरकारी प्रस्तावाला जसं मथळ्यात एक आणि पोटात दुसरं असतं, तसंच. मी हे नातवाला सुचवलं नव्हतं. रक्तात असतं.

पिस्तूल मात्र बघण्यासारखं. अमेरिकी लष्कराने १९८५ मध्ये जे इटालियन बेरेटा स्वीकारलं, त्याची हुबेहूब नक्कल. खाचा तशाच, खटका तसाच; वजन तेवढं प्लॅस्टिकचं. ज्या देशात १५८८ साली हिदेयोशीने शेतकऱ्यांच्या तलवारी काढून घेतल्या आणि जिथे आज सामान्य माणसाला खरं पिस्तूल बाळगताच येत नाही, तिथेच खोटी पिस्तुलं इतक्या मन लावून बनवतात. उपासाच्या दिवशी स्वयंपाकघरात जास्त पदार्थ होतात, त्यातलाच हा प्रकार असावा. कायदाही खेळण्याला सोडत नाही. मोठ्यांच्या पिस्तुलाच्या ६ मिलिमीटरच्या गोळीत एक ज्यूलसुद्धा ऊर्जा भरू द्यायची नाही, आणि दहा वर्षांच्या मुलांसाठीच्या पिस्तुलात फक्त ०.१३५ ज्यूल. सकाळी चहाआधी माझ्यात साधारण एवढीच असते.

घरातली सगळ्यात लांब सरळ रेषा बाल्कनीच्या दारापासून चपलांच्या कपाटापर्यंत होती, बरोबर ५ मीटर, आणि ती स्वयंपाकघरातून जात होती. कपाटापुढे पुठ्ठ्याचं खोकं, त्यावर वर्तुळांचा कागद, मागे गोळ्या अडवायला जुनी चादर. नातवाने नियम सांगितला, घरात प्रत्येकाने गॉगल लावायचा. मी चष्म्यावर पोहण्याचा गॉगल चढवला. हिनेही कुरकुरत लावला आणि कांदा चिरायला घेतला. पाच मिनिटांनी हिच्या लक्षात आलं, की डोळ्यांतून टिपूस नाही. तो गॉगल आता पुण्यात आमच्या स्वयंपाकघरात खिळ्याला टांगलेला असतो.

आधी वेग मोजायचा होता. त्याचं यंत्र मिळतं, पण नातवाने फोनवर भागवलं. पिस्तूल आणि खोकं यांच्या बरोबर मध्ये फोन ठेवून आवाज टिपायचा. एक 'फट्', एक 'टप्', त्यांच्यातलं अंतर मोजायचं. फोन मधोमध का, तर दोन्ही आवाज सारख्याच अंतरावरून येतात आणि आवाजाला लागणारा वेळ आपोआप वजा होतो. माझी सारी हयात बँकेत वजाबाक्या करण्यात गेली, पण हे मला सुचलं नसतं. वेळ आला ०.११५ सेकंद. म्हणजे सेकंदाला ४३ मीटर, ताशी १५५ किलोमीटर. शोएब अख्तरने २००३ च्या विश्वचषकात १६१.३ ने चेंडू टाकला होता, म्हणजे आमचं खेळणं त्याच्या वाऱ्याला उभं राहत होतं. "पण आजोबा, गोळी ०.१२ ग्रॅमची आहे," नातू म्हणाला. क्रिकेटचा चेंडू तिच्या तेराशेपट जड. मी शोएबची माफी मागितली.

मग फिरकी. नळीच्या आत वरच्या बाजूला रबराचा बारीकसा उंचवटा असतो. गोळी त्याला घासून निघते आणि उलटी गरगरत जाते, त्यामुळे हवा तिला वर उचलून धरते. लेगस्पिनरचा चेंडू हवेत झपकन खाली येतो, त्याच्या नेमकं उलट. हलक्या गोळ्या मधल्या ठिपक्याच्या वर लागल्या, ०.२ ग्रॅमच्या जड गोळ्या खाली. 'चेंडू सरळ का जातो' याचं उत्तर मिळालं, सूनबाई निर्धास्त झाल्या आणि आम्ही खऱ्या विषयाकडे वळलो.

पिस्तूल तांदळाच्या पिशवीवर टेकवून पाच गोळ्या झाडल्या. पाचही ३ सेंटिमीटरच्या आत, पण सगळ्या डावीकडे वर. नातू हिरमुसला. मी त्याला समजावलं, की रोज एकच चूक करणारा कारकून परवडतो, त्याचा आकडा सुधारून घेता येतो. रोज नवी चूक करणाऱ्याचं काही करता येत नाही. हे त्याने वहीत लिहून घेतलं. लिहून घ्यायला नको होतं.

कारण पुढची पायरी होती, 'हातात धरून'. "आजोबा, तुम्ही श्वास घेऊ नका."

"किती वेळ?"

"पाच गोळ्या."

प्रत्येक गोळीला वरचा भाग मागे ओढून दट्ट्या चढवायचा, माशी ठिपक्यावर आणायची, चाप हळूच दाबायचा. पहिली गोळी खोक्याच्या कोपऱ्यात. दुसरी चादरीत. तिसरीने फ्रिजवरच्या फुजीच्या चुंबकाला गाठलं. उरलेल्या दोन कागदावर लागल्या, एकमेकींपासून २३ सेंटिमीटरवर. नातवाने फूटपट्टी दोनदा लावली. त्याच्या चेहऱ्यावर कीव नव्हती, नुसती नोंद होती. ते जास्त लागलं.

"द्या इकडे," म्हणत ही हात पुसत आली. पहिली गोळी डावीकडे वर गेली. तिने मान तिरकी करून भोक पाहिलं, आणि पुढच्या चारही ठिपक्याला खेटून. मी बघतच राहिलो. लग्नाला त्रेचाळीस वर्षं झाली आणि मला तेव्हा कळलं, की कराडजवळच्या पालच्या जत्रेत फुग्यांचा स्टॉलवाला हिला दुसऱ्यांदा बंदूक देत नसे. "त्या बंदुका वाकड्याच असतात," ही म्हणाली. "पहिला छर्रा कुठं जातो ते बघायचं आणि आपण तेवढं वाकडं धरायचं." मी लहानपणी जत्रेत दहाच्या दहा छर्रे ताडपत्रीला मारले होते आणि घरी येऊन स्टॉलवाल्याला शिव्या दिल्या होत्या.

वहीत शेवटी तक्ता आला. तांदळाची पिशवी : ३ सेंमी. आजी : ५ सेंमी. आजोबा : २३ सेंमी, तीन गोळ्या बेपत्ता. त्याखाली 'चुकीची कारणे' असा रकाना होता. मुलाने मला त्याचं भाषांतर करून दाखवायला टाळाटाळ केली. त्यात पहिलं कारण वारा, दुसरं गोळ्यांच्या वजनातला फरक आणि तिसरं, ठळक अक्षरात, आजोबा.

सप्टेंबरमध्ये आम्ही परतल्यावर वहीचा फोटो आला. बाईंनी लाल शाईने मोठं फूल काढलं होतं. तिकडे उत्तम कामाला शेऱ्यात फूल मिळतं. फुलाखाली एक ओळ होती. छान संशोधन, पण आजोबा एकच असल्यामुळे निष्कर्ष पक्का म्हणता येत नाही. शक्य झाल्यास दुसरे आजोबाही तपासावेत.

दुसरे आजोबा, म्हणजे आमचे व्याही, डिसेंबरात टोकियोला निघालेत. कॉलेजात एनसीसीत होतो, असं ते दर भेटीत सांगतात. परवा त्यांचा फोन आला होता, तिकडे थंडी किती असते, सोबत काय न्यावं, म्हणून. स्वेटर न्या, कानटोपी न्या, मेतकूट न्या, सगळं सांगितलं. पिस्तुलाचं तेवढं माझ्या लक्षात राहिलं नाही.