आमच्यात असं घालत नाहीत

बेंगळुरूतल्या मोठ्या सोसायट्यांमध्ये मराठी मंडळींचा पाककृतींच्या देवाणघेवाणीचा कार्यक्रम असला की क्लबहाउसात बसायला जागा उरत नाही. जो तो द्यायच्या तयारीनं येतो. घ्यायला आलेला माणूस अजून कुणाच्या पाहण्यात नाही.

सर्जापूर रोडवरची अशीच एक सभा घ्या. विषय साधा: रोजचं मटण, मासे आणि फळं यांचं घरच्या घरी काहीतरी नवं. पहिली हरकत पुण्याच्या काकूंची. काकू मटण-मासे खात नाहीत, पण सभा चुकवत नाहीत, कारण चूक काढायला पदार्थ खावा लागत नाही.

सुरुवात मालवणच्या वहिनींनी केली. बांगड्याचं तिखलं. "तिरफळं पाच," असं म्हणायचा अवकाश, कारवारच्या मावशी म्हणाल्या, "आमच्यात सात." दोन तिरफळांवर वीस मिनिटं गेली. मग नुकताच नोकरीला लागलेला एक मुलगा उठला. मंगळूरच्या मित्राकडे चिंच घातलेली गस्सी खाऊन तो पुरता बिघडला होता. त्यानं विचारलं, "यात आमसुलांऐवजी चिंच घातली तर?" वहिनींनी त्याच्याकडे पाहिलं. "चिंच आमच्यात देवाची भांडी घासायला आणतात."

आता हिशेब असा. सुरमई मालपे नाहीतर मंगळूरहून येते. रसेल मार्केटात तिचं नाव अंजल असतं, सोसायटीच्या लिफ्टमध्ये शिरल्यावर ती सुरमई होते आणि ताटात पडेपर्यंत थेट मालवणची. तिला लाल करणारी मिरची ब्याडगीची, म्हणजे हावेरी जिल्ह्यातली. मासा कर्नाटकाचा, मिरची कर्नाटकाची, गॅस आणि पाणीही इथलंच. परकी काय ती चिंच.

मटणाची पाळी आली तेव्हा कोल्हापूरचे दाजी आणि नागपूरचे काका समोरासमोर बसले होते. एकाचा तांबडा-पांढरा, दुसऱ्याचं सावजी. कुणीतरी मधेच इथल्या दोन्ने बिर्याणीचा विषय काढला: कोथिंबीर-पुदिन्याचं वाटण, बारीक तांदूळ, पानाचा द्रोण. "हिरवं मटण?" काकांनी विचारलं. "म्हणजे पालक घालून?" दाजींनी पहिल्यांदाच त्यांना दुजोरा दिला. ज्यावर तर्री नाही त्याला मटण म्हणू नये, असा ठराव एकमतानं झाला. महाराष्ट्राच्या एकीकरणातली ही मोलाची भर समजावी.

वास्तविक महावीर जयंतीला किंवा गांधी जयंतीला शहरात मांसविक्री बंद असते, तेव्हा आदल्या संध्याकाळी खाटकापुढे लागलेल्या रांगेत हेच दाजी शेजारच्या गौडांना विचारून घेतात, की नाटी म्हणजे गावठी कोंबडीला किती शिट्ट्या लागतात. रांगेतलं ज्ञान मात्र सभेच्या इतिवृत्तात घेत नाहीत.

फळांवर तरी वाद नको, असं अध्यक्षीणबाईंनी सुचवलं. त्याबरोबर आंबा निघाला. बदामी म्हणजे कर्नाटकातला हापूसच. परंतु २०१८ साली कोकणच्या पाच जिल्ह्यांतल्या हापूसला भौगोलिक मानांकन मिळालं, आणि तेव्हापासून काही घरांत आंबा चिरण्याआधी त्याची कागदपत्रं तपासतात. देवगडच्या पेटीचे फोटो सर्वांना जातात. ती पेटी पिकेपर्यंत कोपऱ्यावरच्या हॉपकॉम्सच्या दुकानातून किलो-किलोनं काय येतं, त्याचे फोटो कुणी काढत नाही. उडुपीच्या शेजारणीनं अननसाचं मेणसकाई सांगितलं: खोबरं, तीळ, मिरची, गूळ, आणि त्यात अननसाच्या फोडी शिजवायच्या. "फळ शिजवायचं?" काकू दचकल्या. त्यांच्या फ्रीजमध्ये तेव्हा मेथांब्याची बरणी होती. कैरीला बहुधा त्या फळ मानत नसाव्यात.

चिंचेशी मराठी माणसाचं वैर मात्र पूर्वापार नाही. सांबार तंजावरच्या मराठ्यांचं, ही आख्यायिका याच सभेत दरवर्षी सांगतात. आमसुलं संपली, आचाऱ्यानं चिंच घातली, आणि पाहुण्या संभाजीराजांच्या नावानं सांबार झालं. पुरावा कुणी मागत नाही, टाळ्या सगळे वाजवतात. चिंच तीनशे वर्षांपूर्वी पडली असेल तर अभिमान. आज पडली तर बाटवाबाटवी.

त्याच तंजावरात दुसऱ्या सरफोजीराजांच्या मुदपाकखान्यातल्या कृती 'शरभेंद्र पाकशास्त्र' या नावानं मराठीत लिहून ठेवल्या गेल्या. त्यात मराठा पद्धतीचं मांसाहारी आहे, ब्राह्मणी शाकाहारी आहे आणि चक्क इंग्रजीही आहे. साहेबाचे पदार्थ उतरवून घेताना राजाला कमीपणा वाटला नाही. अर्थात त्याला सोसायटीची निवडणूक लढवायची नव्हती.

बेंगळुरूचंही तसंच. १६३८ मध्ये आदिलशाही फौजेनं हे शहर घेतलं आणि ते शहाजीराजांच्या जहागिरीत आलं. पुढे इथं रुजलेल्या मराठा कुटुंबांनी मिलिटरी हॉटेलं काढली. जयनगरचं शिवाजी मिलिटरी हॉटेल त्यांतलंच. तिथं मिळते ती हीच दोन्ने बिर्याणी, जिला मटण मानायचं नाही असं आपलं ठरलंय. या लोकांनी नाचणीचे मुद्दे, म्हणजे गोळे, घेतले, हिरवं वाटण घेतलं, तांदूळ इथला घेतला आणि नाव शिवाजीचं दिलं. त्यांना क्लबहाउस नव्हतं, म्हणून जमलं.

सभेनंतर चाखायचा कार्यक्रम होता. प्रत्येकानं आपापल्या घरचा अस्सल पदार्थ आणलेला. परीक्षकांची पंचाईत झाली. वहिनींच्या तिखल्याला, मावशींच्या आमटीला आणि दाजींच्या रश्श्यालासुद्धा एकच चव. वाटण सारखं, फोडणी सारखी, आणि तिन्हींत मागून येणारा किंचित आंबटपणा. चौकशीअंती कळलं, की तिन्ही घरी स्वयंपाकाला एकच अक्का येते. मालवणचं वाटण उरलं की ती ते कोल्हापूरला वापरते, कोल्हापूरचा मसाला कारवारला, आणि चिंच सगळीकडे. गेली काही वर्षं सगळे बोटं चाटून जेवत होते.

पुढच्या सभेत प्रमुख पाहुणी म्हणून तिलाच बोलवावं, असं ठरलं. अक्का तयार आहे. फक्त, त्या दिवसाचे पैसे वेगळे पडतील म्हणाली.