हिमवासी गुरूंकडून दीक्षा कशी घ्यावी

भागवतातील अवधूताने चोवीस गुरू केले आणि त्यांत कपोत, अजगर, भ्रमर, इतकेच काय पण कोळ्यासही मान दिला. परंतु हिमाच्छादित प्रदेशातील एकाही जीवास त्या नामावलीत स्थान मिळाले नाही, ही उणीव संसारी वाचकाच्या सोयीसाठी भरून काढावी, या सद्हेतूने पुढील कलमांची तजवीज केली आहे.

कलम पहिले : निद्रा. ज्यांस दीर्घ निद्रेची स्वाभाविक ओढ आहे, त्यांनी अलास्कातील बिळवासी खारीस गुरू करावे. ती वर्षातील सात-आठ महिने निजते आणि त्या अवधीत तिच्या देहाचे तापमान उणे २.९ अंश सेल्सियसपर्यंत उतरते, तरी रक्त गोठत नाही. मात्र दर दोन-तीन आठवड्यांनी ती अंगात ऊब आणून काही तास पूर्ववत होते व पुन्हा निद्राधीन होते. कचेरीतील शिष्याने यातले मर्म ओळखावे. अधूनमधून हजेरीपटावर सही करावी, एखादे प्रकरण या टेबलावरून त्या टेबलावर सरकवावे, म्हणजे उर्वरित निद्रेस कोणाची हरकत राहत नाही.

कलम दुसरे : तगादा. उत्तर अमेरिकेतील अरण्यमंडूक हिवाळ्यात पालापाचोळ्याखाली दगडासारखा गोठतो. श्वास थांबतो, हृदय थांबते, देहातील सुमारे दोन-तृतीयांश पाण्याचे बर्फ होते, आणि यकृताने रक्तात सोडलेल्या साखरेमुळे पेशी तेवढ्या बचावून वसंतात स्वारी पुन्हा उड्या मारू लागते. सावकार दारात आला असता ऋणकोने हाच मार्ग अनुसरावा. जप्तीचा बेलिफदेखील निश्चेष्ट मनुष्यापुढे क्षणभर दिङ्मूढ होतो. हृदय थांबविण्याचा भाग मात्र नवशिक्याने गाळावा.

कलम तिसरे : गृहस्थाश्रम व संस्थाकारभार. अंटार्क्टिकातील सम्राट पेंग्विनाची पत्नी अंडे घालून समुद्रावर निघून जाते आणि पतिराज ते अंडे पावलांवर, पोटाच्या घडीखाली घेऊन, ध्रुवीय अंधारात सुमारे ६५ दिवस उभे राहतात. प्रणयकाळ धरला तर उपवास जवळजवळ चार महिन्यांचा. या कलमास पुरुषवाचकांची हरकत अपेक्षित असल्याने त्याचा अधिक विस्तार करीत नाही. हे शेकडो पिते वाऱ्यापुढे खांद्याला खांदा लावून एकच घोळका करतात; दर मिनिटाच्या आत-बाहेर एखादे दोन-चार इंचांचे पाऊल सरकते, त्याची लाट साऱ्या समुदायातून जाते, आणि कडेला कुडकुडणारा यथाकाल मध्यभागी पोचतो, मध्यभागी ऊब घेणारा कडेला येतो. ना ठराव, ना अध्यक्ष, ना पोटनियम! सहकारी संस्थांच्या संचालकांनी हे वाक्य ‘मध्यभागी पोचतो’ येथपर्यंतच वाचावे. पुढील भाग त्यांच्या सोयीचा नाही.

कलम चौथे : जमाखर्च. दीक्षार्थी बहुधा हे कलम वाचीत नाहीत, म्हणून ते शेवटी घातले आहे. खार तो तुटपुंजा उन्हाळा खाण्यात आणि बीळ भरण्यात घालविते. बेडकाची साखर ही हिवाळ्यापूर्वी यकृतात साठविलेल्या शिलकेतून निघते. पेंग्विन समुद्रात मासे खाऊन लठ्ठ होऊन येतो, म्हणूनच आपल्या वजनाचा मोठा हिस्सा उपवासात खर्ची घालूनही तो उभा राहू शकतो. या गुरूंची विश्रांती म्हणजे आगाऊ भरणा केलेल्या श्रमाची वसुली होय.

तेव्हा ज्याच्या वहीत उन्हाळ्याची जमाबाजू कोरी आहे, अशा इच्छुकाने आधी उन्हाळा राबून पुरा करावा आणि मगच पहिल्या कलमाखाली अर्ज करावा.