जुळणी चालू आहे

वेंगुर्ल्याजवळ आमची वडिलोपार्जित वाडी आहे. तीत २२ माड, तीन हापूस आणि एक फणस. झाडावर चढायची साधनं माझ्याकडे सहा आहेत. सातवं कुरिअरने निघालं आहे. निवृत्तीनंतर माणसाला काहीतरी छंद हवा म्हणतात. शाळेतले माझे सहकारी कोणी होमिओपॅथीकडे वळले, कोणी रोज सकाळी बँकेत जाऊन पासबुक भरून आणतात. मी माडावर चढायचं ठरवलं. त्याला आता चार वर्षं झाली, आणि या चार वर्षांत मी एकदाही झाडावरून पडलेलो नाही. आमच्या पाडेल्याला, म्हणजे माडावर चढून नारळ पाडणाऱ्याला, असं छातीठोकपणे सांगता येणार नाही.

पहिलं साधन घेतलं ते केरळातलं. कण्णूर जिल्ह्यातल्या चेंबेरीच्या एका शेतकऱ्याने बनवलेलं हे यंत्र त्या गावाच्याच नावाने ओळखतात. दोन लोखंडी चौकटी, एक उजव्या पायाला, एक डाव्या. प्रत्येकीतून पोलादी तारेचा दोर निघून माडाला वेढा घालतो. ज्या पायावर भार द्याल तो वेढा आवळतो, दुसरा सैल होतो. तो वर सरकवायचा आणि भार त्याच्यावर न्यायचा. झालं. एवढ्यावर माणूस शेंड्याला पोचतो, आणि हाच या यंत्राचा दोष आहे. त्यात जुळवण्यासारखं फारसं काही नाही.

तरी मी प्रयत्न सोडला नाही. माड बुंध्याशी जाड आणि वर बारीक, त्यामुळे तारेचा वेढा केवढा ठेवायचा हे खालीच ठरवावं लागतं. मी टेप घेऊन २२ही माडांचे घेर मोजले, गुडघ्याशी आणि छातीशी, आणि एका दोनशेपानी वहीत तक्ता मांडला. शेंड्याजवळचा घेर मात्र राहिला. तो मोजायला वर चढावं लागतं, आणि वर चढण्यापूर्वी तो माहीत असावा लागतो. तो रकाना मी रिकामा ठेवला आहे. शास्त्रात रिकाम्या रकान्यालाही किंमत असते, हे मी ३१ वर्षं मुलांना शिकवलं.

नारळ विकास मंडळाने २०११ मध्ये माडावर चढायचं प्रशिक्षण सुरू केलं. ते सहा दिवसांचं असतं. सातव्या दिवशी माणूस थेट माडावर! मी त्या वाटेला गेलो नाही. सहा दिवसांत माझा एक कॅटलॉगही वाचून होत नाही.

यंत्रावरून मी दोराकडे आलो आणि मग मागे वळून पाहिलं नाही. युरोप-अमेरिकेत झाडांची छाटणी करणारी माणसं दोरावरून चढतात, आणि त्यांचा सगळा संसार एका गोष्टीवर उभा आहे : हात सोडला की दोराला घट्ट धरणारी आणि हात लावला की सरकणारी गाठ. कार्ल प्रुसिक या ऑस्ट्रियन गिर्यारोहकाने तशी एक गाठ १९३१ मध्ये प्रसिद्ध केली. पहिल्या महायुद्धात वाद्यांच्या तुटलेल्या तारा जोडताना ती त्याला सुचली असं सांगतात. मला हे फार पटलं. आमच्याकडे बैठकीला बसलेला गवई अर्धा तास तंबोरा लावतो आणि श्रोते मान डोलावतात. तो अजून गायलेला नाही असं कोणी म्हणत नाही. झाडाखाली बसून दोर लावणाऱ्याला मात्र शेजारीपाजारी लगेच विचारतात, काय हो, चढणार कधी?

झाडवाल्यांत जास्त चालते ती ब्लेकची गाठ. जेसन ब्लेकने ती १९९४ मध्ये झाडवाल्यांपुढे मांडली. हाइन्झ प्रोहास्का नावाच्या ऑस्ट्रियन गृहस्थांनी तीच गाठ त्याच्या कितीतरी आधी छापून ठेवली होती. ही गाठ चढायच्या दोराच्या शेपटानेच मारता येते, वेगळं काही विकत घ्यावं लागत नाही. म्हणजे पुन्हा तेच. ज्या वस्तूची पावती नाही तिच्यावर माणसाचा जीव कसा जडणार? मी गाठ शिकलो, पण वापरायची नाही असं ठरवलं.

त्यानंतर धातूची साधनं आली. पेट्झल कंपनीचं झिगझॅग म्हणजे त्या गाठीचीच अ‍ॅल्युमिनियममधली साखळी. कड्या एकमेकींवर तिरक्या होऊन दोर पकडतात. ते हातात घेतलं की खुळखुळ असा इतका समाधानी आवाज येतो की पहिले दोन महिने मी ते नुसतं वाजवलं. मग कळलं की दोर फांदीवरून दुहेरी घेतला तर साधनावर आपला निम्माच भार येतो, एकेरी दोरावर सगळाच्या सगळा. त्या भाराखाली साधी गाठ अशी आवळते की खाली सरकायचं नाव काढत नाही. यावर केव्हिन बिंगहॅमने तोड काढली : गाठीच्या वर एक छोटा पाना बसवायचा, तो दोराला किंचित वाकवतो आणि काही भार स्वतःवर घेतो. म्हणजे एका साधनाला जुळवून घ्यायला दुसरं साधन. इथे मला खात्री पटली की ही विद्या आपल्याला मरेपर्यंत पुरेल.

आता थोडं पदार्थविज्ञान, कारण तो माझा विषय होता. खुंटाभोवती दोराचे वेढे घातले की ताण बेरजेने नाही, गुणाकाराने कमी होतो. ऑयलरने अठराव्या शतकातच हे सूत्र मांडलं. घर्षणांक ०.२५ धरला तर एका वेढ्याने ताण सुमारे पावणेपाच पट उतरतो, दोन वेढ्यांनी २३ पट, तीन वेढ्यांनी १११ पट. माझं वजन ८२ किलो. म्हणजे तीन वेढ्यांपलीकडे उभा असलेला माणूस मला जेमतेम पाऊण किलोच्या जोराने तोलून धरेल. सोललेल्या नारळाहून थोडंसंच जास्त. बंदरावरचा खलाशी हेच करतो. खुंटाला दोर तीनदा गुंडाळतो, शेपूट पायाखाली धरतो आणि विडी शिलगावतो. त्याला ऑयलर ठाऊक नाही, म्हणून तो विडी ओढू शकतो. मला ठाऊक आहे, म्हणून मी घर्षणांक मोजत बसतो.

आणि घर्षणांक एका जागी राहत नाही. नवा दोर गुळगुळीत, महिन्याभराने त्याला लव सुटते. जूनमध्ये हवा दमट झाली की नायलॉन पाणी पितो आणि फुगतो; मेमध्ये जमवलेली जुळणी मिरगाबरोबर वाहून जाते. हापूसचा चीक लागला की दोर धरतो, धुतला की सोडतो. गाठीची दोरी आठ मिलिमीटरची की दहाची, वर चार वेढे खाली तीन की वर पाच खाली चार, यातला एक आकडा हलला की बाकीचे पुन्हा पहिल्यापासून. वजनाचंही तेच. गणपतीत मी दीड किलोने वाढलो आणि सगळं बिघडलं. खाली येताना घाई केली तर दोरी तापून वितळू शकते, म्हणून न वितळणाऱ्या अ‍ॅरामिडची घेतली. ती मी अजून तापवलेली नाही. पडवीतल्या तुळईला दोर बांधून मी जमिनीपासून एक वीत वर जातो, थोडा लोंबकळतो, उतरतो, वहीत नोंद करतो. गेल्या आठवड्यात दीड वीत गेलो होतो.

मधे एक तपशील सांगायचा राहिला. माडाला फांदी नसते. दोराच्या या सगळ्या पद्धतींना वर एक भक्कम बेचकी लागते आणि माडाला बेचकी म्हणून नसतेच. असतात त्या झावळ्या, आज ना उद्या गळून पडणाऱ्या. हे माझ्या लक्षात आलं ते तिसऱ्या साधनानंतर. कच्चा माणूस इथे खचला असता. मी चौथं साधन घेतलं आणि मोर्चा हापूसकडे वळवला. हापूसचे आंबे काढायला झेला आहे, त्याला झाडावर चढायची गरज क्वचितच पडते, आणि त्यामुळे माझं कुठलंच काम त्या झाडावर अडलेलं नाही. जुळणीला यापरती आदर्श परिस्थिती मिळणं अवघड.

पाडेली दीड-दोन महिन्यांनी येतो. साठीचा आहे. त्याचं साधन म्हणजे काथ्याचं एक कडं, दोन्ही पावलांत अडकवलेलं, आणि कमरेला मागे खोचलेला कोयता. कडं त्याने स्वतः वळलेलं असतं. झिजलं की तो ते चुलीत टाकतो आणि नवं वळतो. त्यात जुळणी काय ती एवढीच, की ते पावलांना बसलं पाहिजे. मागच्या खेपेला मी हापूसच्या बेचकीवर छर्रे भरलेली पिशवी फेकत होतो, तिच्यामागून बारीक दोरी आणि त्या दोरीने मग मोठा दोर वर ओढायचा असतो. माझी अकरावी फेक चालू असताना तो पहिल्या माडावर पोचला होता. कोयत्याच्या पाठीने नारळावर टकटक करून कान लावत होता. जून नारळाचा आवाज वेगळा येतो. सुकलेली झावळ साफ केली, सुयांत भुंगा शिरलाय का पाहिलं, पेंड खाली सोडली. मी विसाव्या फेकीला बेचकी गाठली तेव्हा तो चौथ्या माडावरून उतरून विडी ओढत माझ्याकडे बघत होता.

"मास्तरांनू," तो म्हणाला, "तुमचां ह्यां लावन होयसर नारळ आपसूक खाली येतलो."

मी त्याला घर्षणांक समजावून सांगितला. त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि खुंटीवरच्या हार्नेसकडे बोट करून विचारलं, ह्यां माका घालूक मिळात? त्याचा डावा घोटा वाकडा आहे. तीन पावसाळ्यांपूर्वी शेवाळलेल्या माडावरून तो अर्ध्यातून सरकला होता. मागणी तशी गैर नव्हती. पण हार्नेसचे पट्टे माझ्या कमरेला आणि मांड्यांना नेमके बसवायला मला तीन रविवार लागले आहेत. तो एकदा त्याच्या मापाला घेतला की सगळं विस्कटणार. मी त्याला तसं सांगितलं. त्याला ते पटलं असावं, कारण तो काही न बोलता पाचव्या माडाकडे गेला.

मी काही अगदीच निष्ठुर नाही. माडावर चढणाऱ्यांसाठी नारळ विकास मंडळाची केरा सुरक्षा नावाची अपघात विमा योजना आहे. तिचा अर्ज मी मागवून घेतला आणि भरून देतो असा त्याला शब्द दिला. अर्ज टेबलावर आहे, नव्या कॅटलॉगच्या खाली. त्यावर त्याची सही हवी, आणि जन्मतारखेचा काही कागद त्याच्या घरी असला तर तो बघायला हवा. त्याच्याकडे फोन नाही. मी जाऊन येणार होतो, पण त्याचं घर घाटीच्या माथ्यावर आहे आणि मला चढ सोसत नाही.