कनातीच्या आत-बाहेर

मुंबईहून माहितीपट काढायला येणाऱ्यांना बीड जिल्ह्यात तीनच विषय दिसतात: दुष्काळ, ऊसतोड आणि राजकारण. त्यामुळं 'आम्हाला जत्रेतल्या तमाशाच्या फडामागं फिरायचंय, पडद्यामागचं आयुष्य टिपायचंय' असा फोन आला तेव्हा मी ताबडतोब हो म्हणालो. आमच्याकडं येऊन कोरड्या विहिरीत कॅमेरा सोडणार नाहीत, एवढं एक कारण मला पुरेसं होतं.

पाहुणे चार. दिग्दर्शक, कॅमेरावाला, आवाज टिपणारी एक मुलगी आणि चौथा एक गृहस्थ, ज्याचं काम काय हे मला शेवटपर्यंत समजलं नाही. तो अधूनमधून सगळ्यांना 'पाणी पीत राहा' असं सांगायचा. बीड जिल्ह्यात चैत्रात हा सल्ला द्यायला धाडस लागतं.

दिग्दर्शकानं अहिल्यानगरहून मुद्दाम रेल्वे धरली होती. या रेल्वेमार्गाला 1995 साली मंजुरी मिळाली आणि गाडी बीडला पोचली 17 सप्टेंबर 2025 ला. इतक्या उशिरा एन्ट्री आमच्याकडं फक्त वगातला राजा घेतो, आणि त्यालाही पब्लिक शिट्ट्या मारून बोलावतं. पाहुण्यांना मात्र डबा रिकामा असल्याचं फार अप्रूप वाटलं.

जीपमध्ये बसल्या बसल्या दिग्दर्शकानं माझी शिकवणी घेतली. महाराष्ट्रातल्या जत्रांमधल्या तंबू टॉकीजवर शर्ली अब्राहम आणि अमित मधेशिया यांनी 'द सिनेमा ट्रॅव्हलर्स' केला, 2016 साली कानमध्ये त्याचा गौरव झाला. लावणी कलावंतांवर सावित्री मेधातुल यांचा 'नटले तुमच्यासाठी' आहे. आता राहिला तमाशाचा फड, तो आपण करायचा. मग त्यानं हळूच विचारलं, "इथं नाटकाचं काही वातावरण आहे का?" मी म्हणालो, दिल्लीच्या राष्ट्रीय नाट्य विद्यालयाचे 2013 ते 2018 संचालक असलेले वामन केंद्रे आमच्या केज तालुक्यातल्या दरडवाडीचे. 'वऱ्हाड निघालंय लंडनला' हल्ली एकटा पेलणारे संदीप पाठक माजलगावचे. आणि वातावरणाचं म्हणाल, तर ग्रामपंचायतीच्या निवडणुकीला या. चौथे गृहस्थ म्हणाले, "पाणी प्या."

मांजरसुंब्याचा घाट चढून पाटोद्याच्या रस्त्याला लागलो आणि दिग्दर्शक एकदम ओरडला, "थांबवा!" समोरून ट्रॅक्टर येत होता. ट्रॉलीत पत्र्याच्या पेट्या, पातेली, गोधड्या, वर झोपलेल्या बाया, त्यांच्या कुशीत पोरं, कडेला बांधलेली शेळी आणि पेटीवर बसून मोबाईलवर गाणं लावलेला एक कुरळ्या केसांचा पोरगा. "हाच फड! रोल, रोल!" कॅमेरावाल्यानं रस्त्यात मांडी घातली. ट्रॉलीतल्या बाया उठल्या, पदर सावरला, एकीनं पोराचं नाक पुसलं. पोरानं गाण्याचा आवाज वाढवला. शॉट फारच अस्सल आला. दिग्दर्शकानं हात जोडून विचारलं, "कुठला प्रयोग करून आलात?"

"सांगलीकडचा कारखाना," ट्रॅक्टरवाला म्हणाला. "पट्टा पडला."

ऊसतोडीची टोळी गावाकडं परतत होती. दिग्दर्शक ओशाळला, पण चूक तशी फार मोठी नव्हती. दसऱ्याच्या सुमाराला आमचा निम्मा जिल्हा कोयता घेऊन पश्चिम महाराष्ट्राकडं निघतो, त्याच दसऱ्याला तमाशाचे फड बाहेर पडतात. कारखान्याचा पट्टा पडला, म्हणजे गाळप संपलं, की टोळ्या परततात. जत्रा उरकत फड बुद्धपौर्णिमेला सुटतो. तोडकऱ्याला मुकादम आधी उचल देतो, कलावंताला फडमालक. नवराबायको मिळून आमच्याकडं एक कोयता मोजतात. या हिशेबानं तमाशातली काळू-बाळूंची जोडीसुद्धा मुकादमानं एकाच कोयत्यात बसवली असती.

आष्टी तालुक्यातल्या त्या गावात पोचलो तेव्हा दुपार झाली होती. पाराजवळ फडाचे ट्रक उभे. मंडळाच्या नावाचा बोर्ड इतका लांब, की वाचून होईपर्यंत चहा आला. तमाशात हे असंच. 'रघुवीर खेडकर सह कांताबाई सातारकर', 'मंगला बनसोडे सह नितीनकुमार बनसोडे' ही गाजलेली नावं. या 'सह'मध्ये एकेका घराण्याची वाटणी, वारसा आणि भाऊबंदकी गुण्यागोविंदानं नांदते. सातबाऱ्यालासुद्धा एवढं जमत नाही.

फडाच्या मॅनेजरनं आमचं स्वागत केलं. पाडव्याच्या सुमाराला नारायणगावात फडांच्या राहुट्या लागतात. यात्रा कमिट्या तिथं जाऊन सुपारी ठरवतात. या गावची सुपारीही तिथलीच. "कमिटीची माणसं बैल घ्यायला आल्यासारखी येतेत," मॅनेजर म्हणाला. "किती बाया, किती गाणी, वग कोणता, सगळं विचारतेत. फक्त पैसा विचारला की त्यांना चहा आठवतो."

दिग्दर्शकाला पडद्यामागचं आयुष्य हवं होतं, आणि ते त्या वेळी ट्रकखाली घोरत पडलं होतं. रात्रभर नाचून, पहाटे माल भरून, सकाळभर प्रवास केलेली माणसं दुपारी दुसरं करणार काय? "हे छान आहे. असंच राहू द्या," असं दिग्दर्शक कुजबुजला. त्या कुजबुजीनं सोंगाड्या जागा झाला. कॅमेरा बघितला, उठला, तोंड धुतलं, भांग पाडला, इस्त्रीचा शर्ट चढवला आणि परत ट्रकखाली जाऊन डोळे मिटून पडला. "घ्या आता," म्हणाला.

बायांच्या ट्रकभोवती कनात लावलेली. तिथं कॅमेऱ्याला मज्जाव. आवाजवाल्या मुलीला मात्र आत घेतलं. ती दोन तास बाहेरच आली नाही. आली तेव्हा केसात गजरा आणि हातात रेकॉर्डर. रेकॉर्डरवर काय होतं? एका नाचणाऱ्या बाईनं घोट्याला आधी जुन्या लुगड्याची पट्टी गुंडाळली, त्यावर चाळाचे वेढे एकाखाली एक, दाताखाली नाडी धरून करकचून ओढले, त्याचा आवाज. आणि ते करता करता ती मोबाईलवर मुलाला गणिताचा पाढा म्हणायला लावत होती, तो आवाज. सतरा चोक अडुसष्ट, मग चाळाची एक छुम्, मग सतरा पाचे पंच्याऐंशी. दिग्दर्शकानं कपाळावर हात मारला. कॅमेरा बाहेर होता!

रात्री ट्रकच्या फळ्या पडल्या, स्टेज झालं, गण झाला, गवळणीत मावशी आली. मिशीची निळसर सावली पावडरीखालून डोकावत होती. सोंगाड्यानं पहिल्याच बतावणीत आम्हाला धरलं.

"मावशे, ही मुंबईची माणसं आपलं खाजगी बघायला आल्यात."

"मग त्यांना म्हणावं, बघा. आपलं काय झाकून हाय? उन्हाळ्यात आपल्या गावच्या नळाला पाणी न्हाई, पोस्टात पैसं न्हाई..."

"आन् त्यो चौथा गडी?"

"त्यो पाणी पी म्हणतोय."

गाव असं काही फुटलं की पारावरचे म्हातारे खोकत खाली उतरले. चौथे गृहस्थ लाजून पाणी प्यायले. दिवसभर कॅमेऱ्यासमोर 'कलेची सेवा' वगैरे बोलणारी मंडळी स्टेजवर चढल्यावर खरं बोलायला लागली: डिझेलचा भाव, डीजेनं पळवलेल्या सुपाऱ्या, रात्रीच्या वेळेची पोलिसांची मर्यादा. आतला माल सगळा बाहेर मांडला होता, तोही फुकट. दिग्दर्शक मात्र स्टेजच्या मागं जनरेटरच्या क्लोजअपमध्ये अडकला होता.

सकाळी हजेरी झाली. रात्रीच्या जागरणावर पुन्हा नाचायचं, देवापुढं हजर असल्याची खूण म्हणून. मग मॅनेजरनं लिंबाखाली वही उघडली. कुणाची उचल किती फिटली, किती राहिली, पोरीच्या लग्नासाठी कुणाला आणखी हवी. शेजारी कालच्याच ट्रॅक्टरवरचा तोडकरी जत्रेला म्हणून येऊन बसला होता. त्यानं वहीत डोकावून मान हलवली. "आमच्या मुकादमाचीबी अशीच वही. फिटत आलं की पान उलटतंय."

दिग्दर्शक हे टिपून घेणार इतक्यात त्याचा फोन वाजला. तो उठून दूर गेला आणि खालच्या आवाजात इंग्रजीत गयावया करू लागला. परत आला तेव्हा चेहरा उतरलेला.

"काय झालं?" मॅनेजरनं विचारलं.

"फिल्मसाठी आधीच पैसे घेतलेत. ते विचारतायत, काम कधी पुरं होणार."

"आन् न्हाई झालं तर?"

"पुढच्या फिल्मचे पैसे मिळणार नाहीत."

मॅनेजरनं वही मिटली, दिग्दर्शकाला सतरंजीवर जागा करून दिली आणि त्याच्यासाठी वेगळा चहा सांगितला.

तोडकऱ्यानं चौकशी पुढं नेली. "मुकादम कुठला तुमचा?"

"ॲमस्टरडॅमला असतात."

तोडकरी थोडा विचारात पडला. मग आपल्या धंद्यातल्या माणसाशी बोलावं तशा आवाजात म्हणाला, "लई लांबचा कारखाना धरला राव तुम्ही."