कॉफीशास्त्री

पुण्यात डेक्कनच्या आसपास, जुन्या बंगल्याच्या गॅरेजात चार टेबलांचं कॉफीचं दुकान निघालं की थोड्याच दिवसांत तिथे एक कॉफीशास्त्री प्रकट होतो. दुकान त्याचं नसतं, पण रुबाब मुलीच्या सासरी आलेल्या वडिलांचा नव्हे, थेट सासऱ्याचा. टेकायच्या आधीच काउंटरमागच्या पोराला विचारणार, "आज दळण जरा जाड पडलंय का रे?"

तुम्ही नवखे. "एक कॅपुचिनो" म्हणून बसता. शास्त्री डोळे मिटतो. "दूध?" एवढंच म्हणतो आणि परस्पर तुमच्यासाठी चिकमगळूरची पोअर-ओव्हर सांगतो. १५ ग्रॅम कॉफी, २४० ग्रॅम पाणी, ९३ अंश. हे तो पोराला सांगतो. पोरगं रोज हेच करतं, पण ते गुणी असल्यामुळे मान डोलावतं. थोडं पाणी पडून चुरा फुगला की शास्त्री हात वर करतो, "थांब, वायू जाऊ दे!" भाजलेल्या दाण्यात कर्बवायू अडकलेला असतो, तो आधी निघावा लागतो, हे खरंच. पण त्यासाठी शेजारच्या टेबलानेही श्वास रोखायची गरज नसते.

तेवढ्या वेळात त्याच्या बोलण्यात बाबा बुडन येतात. त्यांनी सतराव्या शतकात येमेनहून कॉफीच्या सात बिया लपवून आपल्याकडे आणल्या, ही दंतकथा. शास्त्री मात्र ती अशी सांगतो, जणू बंदरावर झडती चालू असताना हाच मागे उभा होता.

तुमच्या घरी कॉफी म्हणजे दूध आटवून, वर जायफळ. चुकूनही ते बोलू नका. एका काकूंनी "जायफळ आहे का हो?" विचारलं, तेव्हा शास्त्रीच पांढरा पडला, पोरगं हसलं फक्त.

मग घोट. "आधी संत्र्याची साल, मागून...?" तो तुमच्याकडे बघतो. तुम्ही आपलं "गूळ" म्हणता. "काकवी!" तो दुरुस्त करतो.

एक तक्रार मात्र त्याची रास्त आहे: आपल्याकडची बरीचशी कॉफी वर्षानुवर्षं परदेशी गेली आणि आपण चिकोरीलाच कॉफी समजत बसलो. हे तो साखरेच्या पुडीवर हात ठेवून सांगतो.

तेव्हा अशा माणसाबरोबर एकदा जरूर जा. कॉफी उत्तम असते. फक्त "छान आहे" म्हणू नका. का छान आहे, ते विचारेल.